मेटाबॉलिक सिंड्रोममधील हृदयारोग्य : व्यायाम आणि आहार

पोटाचा वाढलेला घेर, रक्तातली वाढलेली ट्रायग्लिसराइडे (एक प्रकारची चरबी), कमी झालेले एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, चढा रक्तदाब आणि उपाशीपोटी वाढलेली साखर या पाचांपैकी कोणत्याही तीन गोष्टी एकाच व्यक्तीत आढळल्या, तर त्या अवस्थेला मेटाबॉलिक सिंड्रोम किंवा चयापचय संलक्षण म्हणतात. यातला एकेक आकडा सुटा पाहिला तर तो क्वचितच घाबरवणारा असतो. १३२ रक्तदाब आणि १०४ साखर अशा अहवालावर ‘किंचित जास्त’ एवढाच शेरा पडतो आणि कागद कपाटात जातो. पण हे सगळे एकत्र आले की हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि टाइप २ मधुमेहाचा त्याहूनही जास्त.

२००९ मध्ये अनेक आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनांनी मिळून ठरवलेले निकष असे : ट्रायग्लिसराइडे १५० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा वरचा, उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त. या चारांपैकी एखाद्या गोष्टीसाठी औषध चालू असेल तर आकडा आटोक्यात असला तरी तो निकष लागू धरतात. घेराची मर्यादा वंशानुसार बदलते. युरोपीय वंशाच्या लोकांसाठी बहुधा पुरुषांत १०२ व स्त्रियांत ८८ सेंमी. धरली जाते, तर दक्षिण आशियाई लोकांसाठी ९० व ८०, कारण त्यांच्यात कमी घेरालाही पोटातली चरबी जास्त असते. अमेरिकन वैद्य जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये ‘सिंड्रोम एक्स’ नावाने ही कल्पना मांडली तेव्हा लठ्ठपणा त्यांच्या यादीत नव्हताच. त्यांचा भर इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशींवर होता. सडपातळ दिसणाऱ्या माणसातही हा विकार का सापडतो, ते यावरून कळते.

बिघाड कुठे होतो : त्वचेखालच्या चरबीपेक्षा आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी जास्त त्रासदायक ठरते. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले (चरबीचे घटक) यकृतात पोचतात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइडे बनवून रक्तात सोडते आणि शिवाय साखर तयार करण्याचे कामही आवरत नाही. ट्रायग्लिसराइडे वाढली की एचडीएल घटते आणि एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण लहान व दाट होतात. स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. हे जादा इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते आणि रक्तदाबात भर पडते. धमन्यांचे अस्तर सैलावण्याची क्षमता गमावते, तर हृदयाचा डावा कप्पा जाड आणि ताठर होत जातो. असे हृदय आकुंचन नीट पावते, पण दोन ठोक्यांच्या मधे पुरेसे सैल पडून भरत नाही. नेहमीच्या तपासणीत ‘पंपिंग चांगले आहे’ असे दिसते आणि तरीही जिना चढताना धाप लागते, ती बरेचदा यामुळे.

उपचारात आहार आणि व्यायाम यांची नावे नेहमी जोडीने घेतली जातात, पण दोघांची कामे वेगळी आणि वेळापत्रकेही वेगळी. वजन आणि यकृतातली चरबी उतरवण्याचा मोठा वाटा आहाराचा. स्नायूंची साखर शोषण्याची क्षमता, धमन्यांची लवचीकता आणि दमसास हे मुख्यतः व्यायामाचे. ७० किलो वजनाचा माणूस ताशी ५ किमी. वेगाने अर्धा तास चालला तर जेमतेम १२०–१३० कॅलरी जळतात, आणि ३३० मिलीलिटरच्या एका गोड शीतपेयात सुमारे १४० कॅलरी असतात. म्हणूनच नुसत्या चालण्याने वजन उतरण्याची वाट पाहणारे तीन महिन्यांत कंटाळतात. वजनकाटा हे व्यायामाचे माप नव्हे.

व्यायामाची मात्रा : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. ‘मध्यम’ म्हणजे किती, याची सोपी खूण अशी : चालताना वाक्य पूर्ण बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. आकड्यांत हवे असेल तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करावी, म्हणजे कमाल नाडीचा अंदाज मिळतो. पन्नाशीत तो १७३ येतो. विश्रांतीची नाडी ७२ असेल तर मधला फरक १०१. त्याचे ४० ते ५९ टक्के ७२ मध्ये मिळवले की ११२ ते १३२ हा मध्यम व्यायामाचा पट्टा झाला. बीटा-ब्लॉकर गटाचे (रक्तदाब व हृदयविकारासाठीचे) औषध चालू असेल तर हे गणित निरुपयोगी, कारण ते औषध नाडीच वाढू देत नाही. अशा वेळी बोलण्याची कसोटीच खरी.

अनेक वर्षे बैठे काम केलेल्याने पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा १० मिनिटे चालावे आणि मग दर आठवड्याला एकूण वेळ १० टक्क्यांच्या आसपास वाढवावा. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर. गुडघे दुखत असतील तर सायकल किंवा पोहणे. सुरुवातीला ५ ते १० मिनिटे सावकाश हालचाल हवीच, आणि शेवटीही तेवढीच. एकदम थांबले की पायांतल्या सैलावलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचते, दाब उतरतो आणि घेरी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे जास्त घडते.

दोन सत्रांतले अंतर लोक फारसे मोजत नाहीत, आणि नुकसान तिथेच होते. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतो, कारण साखरेचे वाहक प्रथिन ग्लुट-४ हालचालीनेच पेशीच्या पृष्ठभागावर येते. व्यायामानंतर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही सुधारतो, पण तो परिणाम एक ते तीन दिवसांत ओसरतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. शनिवार-रविवारी दीड-दीड तास घाम गाळून उरलेले पाच दिवस बसून राहिल्यास मिनिटांचा हिशेब जुळतो, पण साखरेचा प्रश्न सुटत नाही. जेवणानंतर १० ते १५ मिनिटे चालणे आणि दर अर्ध्या तासाला खुर्चीतून उठणे यांनी जेवणानंतरची साखरेची उसळी कमी होते. वेळ नाही म्हणणाऱ्यासाठी एवढे तरी.

दमसास वाढवायचा तर आलटून-पालटून केलेला जोरकस व्यायाम जास्त प्रभावी दिसतो. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे मेटाबॉलिक सिंड्रोमच्या ३२ जणांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा, १६ आठवडे असा क्रम होता : १० मिनिटे तयारी, मग कमाल नाडीच्या ९० टक्क्यांवर ४ मिनिटांची जोरकस फेरी चारदा, दर दोन फेऱ्यांच्या मधे ७० टक्क्यांवर ३ मिनिटे, शेवटी ५ मिनिटे उतार. एकूण ४० मिनिटे. या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ३५ टक्के वाढली, मध्यम सलग व्यायाम करणाऱ्यांची १६ टक्के. वजन मात्र दोन्ही गटांत सारखेच उतरले. अभ्यास लहान आहे हे खरे, आणि ही पद्धत पहिल्या दिवसापासूनची नव्हे. आधी सहा-आठ आठवडे मध्यम व्यायाम अंगवळणी पडावा, आणि छातीत दुखण्याचा इतिहास, मधुमेह किंवा ज्ञात हृदयविकार असेल तर डॉक्टरांच्या संमतीने ताणचाचणी (व्यायाम करताना हृदयाची तपासणी) करून मगच.

ताकदीच्या व्यायामात मांड्या, नितंब, पाठ, छाती, खांदे असे मोठे स्नायूगट घ्यावेत. प्रकार ८ ते १०, प्रत्येकाची ८ ते १२ आवर्तने, आधी एक फेरी, पुढे दोन-तीन. बाराव्या आवर्तनानंतर आणखी दोनच होतील असे वाटावे, इतके वजन पुरते. नेहमीची चूक म्हणजे वजन उचलताना श्वास कोंडणे. त्याने रक्तदाब क्षणभर प्रचंड उसळतो. उचलताना श्वास सोडायचा, उतरवताना घ्यायचा. विश्रांतीचा दाब १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नकोच.

आहार : अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध प्रकल्पात (२००२) ७ टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल ही उद्दिष्टे ठेवलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले; मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. ९० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे सव्वासहा किलो. त्यासाठी रोज ५०० ते ७५० कॅलरींची तूट पुरते. याहून कडक उपास केले की चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि साखर शोषणारा मुख्य अवयव तर स्नायूच. मूत्रपिंडे ठीक असतील तर वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने आणि जोडीला ताकदीचे व्यायाम ठेवले की ही झीज बरीच रोखता येते.

ट्रायग्लिसराइडे वाढली म्हणून तेल-तूप तोडायचे आणि त्या जागी पांढरा पाव, बिस्किटे, फळांचे रस घ्यायचे, ही फार मोठी आणि फार प्रचलित चूक. यकृत जादा साखरेपासून, विशेषतः फ्रुक्टोजपासून, स्वतःच चरबी बनवते, त्यामुळे स्निग्ध पदार्थ कमी करूनही आकडा वरच जातो. आधी गोड पेये आणि मद्य बंद करावे. अनेकांत काही आठवड्यांतच फरक दिसतो. ट्रायग्लिसराइडे ५०० च्या वर असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्वादुपिंडदाहाचा धोका असतो, स्निग्ध पदार्थही कडकपणे कमी करावे लागतात आणि बहुधा औषधही लागते.

एरवी स्निग्ध पदार्थ कमी करण्यापेक्षा बदलणे महत्त्वाचे. लोणी, चरबीयुक्त लाल मांस यांऐवजी वनस्पती तेले, सुकामेवा, मासे घ्यावेत. स्पेनमधील प्रेडिमेड अभ्यासात भूमध्यसागरी आहारासोबत ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम सुकामेवा घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघात मिळून घटना सुमारे ३० टक्के कमी झाल्या. सहभागींच्या गटवाटपातील त्रुटींमुळे २०१३ चा तो लेख मागे घेऊन २०१८ मध्ये नव्या विश्लेषणासह छापावा लागला. निष्कर्ष जवळपास तेच राहिले. ३० ग्रॅम म्हणजे मूठभर. डबा समोर ठेवून खाल्ले तर १०० ग्रॅम आणि सहाशे कॅलरी कधी झाल्या ते कळतही नाही, म्हणून आधी वाटीत काढून घ्यावे. ओट किंवा जवातल्या बीटा-ग्लुकान या तंतूचे ३ ग्रॅम रोज पोटात गेले तर एलडीएल थोडे उतरते. कडधान्ये, भाज्या आणि अख्खी धान्ये यांतून तंतूंचे एकूण प्रमाण २५ ग्रॅमच्या पुढे न्यावे, पण हळूहळू आणि भरपूर पाण्यासह, नाहीतर पोट फुगते.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. पाकिटावर सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. १०० ग्रॅम पावात ६०० मिलीग्रॅम सोडियम असेल तर ते दीड ग्रॅम मीठ झाले, चवीला मुळीच खारट न लागता. ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर, एआरबी किंवा पोटॅशियम राखणारी औषधे घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

मोजमाप आणि औषधे : घेर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप जमिनीला समांतर धरावा, सहज श्वास सोडून, पोट न ओढता. बेंबीची जागा फसवी. पोट सुटले की ती खाली सरकते. रक्ततपासणी साधारण १२ आठवड्यांनी पुन्हा करावी. आदल्या दिवशीच्या दमदार व्यायामाने ट्रायग्लिसराइडे तात्पुरती उतरतात आणि आदल्या रात्रीच्या मद्याने चढतात, म्हणून दोन्ही वेळची परिस्थिती सारखी असावी. वजन झपाट्याने उतरत असताना एचडीएल उलट घसरलेले दिसते. वजन स्थिरावले की ते सावरते. घाबरून आहार बदलण्याचे कारण नाही.

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटाच्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने खाली घसरू शकते. व्यायामापूर्वी ती ९० च्या खाली असेल तर आधी १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके घ्यावीत. पाच-सात किलो उतरल्यावर उठताना चक्कर येऊ लागली तर रक्तदाबाच्या गोळीची मात्रा आता जास्त होत असावी. ती डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनचे मात्र तसे नाही. वजन उतरल्याने एलडीएल फारसे हलत नाही, तेव्हा ‘आता बरे आहे’ म्हणून ती गोळी परस्पर सोडू नये. आजारपणाने किंवा प्रवासाने व्यायाम दोन-तीन आठवडे सुटला तर दमसास मोजता येण्याइतका घटतो. परतताना जुन्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात करावी.