‘रेड रिव्हर’ : डागणीतला ‘एम’

हॉवर्ड हॉक्सच्या ‘रेड रिव्हर’ या सिनेमात (१९४८) ना मृत्युपत्र आहे, ना वकील. वारसा अडतो तो एका अक्षरापाशी. टॉम डन्सन (जॉन वेन) टेक्सासात पोचतो तेव्हा त्याच्याकडे वळू असतो, सोबतच्या पोरक्या मॅटकडे एक गाय. राँचचं, म्हणजे गुरं पाळायच्या कुरणाचं, भांडवल एवढंच. गुरांच्या अंगावर उठवायची मालकीची डागणी डन्सन मातीत रेखून दाखवतो : नदीचे काठ म्हणून दोन नागमोडी रेघा आणि ‘डी’. यात माझा ‘एम’ कुठाय, असं पोरगं विचारतं. लायक झालास की घालीन, हे उत्तर. पुढचे दोन तास त्या ‘एम’साठीच.

त्या काळी डाग हाच गुरांचा सातबारा होता. काटेरी तारेचं ग्लिडनचं पेटंट १८७४चं. त्याआधी कुंपण असं नव्हतंच. सगळ्यांची जनावरं माळावर एकत्र चरत, ठरावीक काळात ती हाकून गोळा करायची आणि वासराला आईच्या अंगावरचा डाग द्यायचा. बिनडागाचं वासरू सापडेल त्याचं. सॅम्युअल मॅव्हरिक नावाच्या वकिलाने आपली गुरं डागायचा कंटाळा केला, तेव्हापासून अशा जनावराला ‘मॅव्हरिक’च म्हणू लागले.

जमिनीचं प्रकरण जास्त अवघड. नदीपल्याड राहणाऱ्या डॉन दिएगोकडे स्पेनच्या राजाची सनद आहे, असं त्याचा माणूस सांगतो. त्यानेही जमीन कुणाकडून तरी हिसकावलीच ना, म्हणत डन्सन त्या माणसाला गोळी घालतो. सिनेमा इथे फार रेंगाळत नाही. मला मात्र सगळ्यात खरा प्रसंग हाच वाटतो.

पुढे डन्सन दहा हजार गुरं हाकत उत्तरेला निघतो. ती तिकडे का न्यायची? अमेरिकेच्या यादवी युद्धात बाजार तुटला, टेक्सासात लांब शिंगांची लाँगहॉर्न गुरं बेसुमार वाढली. तिथे चार डॉलरला मिळणारं जनावर उत्तरेत चाळीसला जाई. पण लाँगहॉर्नच्या अंगावरच्या गोचिडांनी ताप पसरे. त्यांना स्वतःला तो फारसा बाधत नसे, वाटेतल्या मिझुरी राज्यातल्या शेतकऱ्यांची गुरं मात्र पटापट मरत. म्हणून ते बंदुका घेऊन वाट अडवत. यावर तोड म्हणून जोसेफ मॅकॉय या गुरांच्या व्यापाऱ्याने कॅन्ससमध्ये, अ‍ॅबिलीनच्या रेल्वेशेजारी कोंडवाडे बांधले, ते १८६७ साली. सिनेमातली गुरं १८६५ मध्येच तिथे पोचतात. असो.

खऱ्या वारशाची गोष्ट पाहायची तर टेक्सासातल्या किंग राँचची. रिचर्ड किंगने १८५३ मध्ये अशाच एका जुन्या सनदेची साडेपंधरा हजार एकर जमीन मूळ मालकाच्या वारसांकडून तीनशे डॉलरला घेतली. म्हणजे एकराला दोन सेंटही नाहीत. १८८५ मध्ये तो गेला तेव्हा मालकी आली बायकोकडे, हेन्रिएटाकडे : सुमारे पाच लाख एकर आणि डोक्यावर पाच लाख डॉलरचं कर्ज. तिने जावयाला हाताशी धरून पुढे चाळीस वर्षं राँच वाढवलं. डागणीत मात्र एकही अक्षर घातलं नाही. नागमोडी ‘डब्ल्यू’ होता तोच राहिला.