आकस्मिक अर्भकमृत्यू : संशोधन आणि अतिदक्षता उपचार

वरवर निरोगी असलेले, एक वर्षाच्या आतले बाळ झोपेत अचानक दगावते आणि शवविच्छेदन, घटनास्थळाची पाहणी व वैद्यकीय इतिहासाची छाननी करूनही कारण सापडत नाही, तेव्हा त्या मृत्यूला आकस्मिक अर्भकमृत्यू म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सिड्स’ हे नाव रूढ आहे. १९६९ मध्ये सिॲटल येथील परिषदेत त्याची पहिली सर्वमान्य व्याख्या ठरली. सिड्स हा एखादा ठरावीक रोग नव्हे. ज्ञात कारणे वगळल्यावर उरलेल्या मृत्यूंचे ते नाव आहे. हृदयाच्या विद्युतक्रियेतला आनुवंशिक दोष किंवा चयापचयाचा विकार सापडला, तर तो मृत्यू सिड्समध्ये मोजत नाहीत. दोन ते चार महिन्यांच्या वयात धोका सर्वांत जास्त असतो. सुमारे ९० टक्के मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात आणि त्यांत मुलगे अधिक असतात.

या विषयाच्या इतिहासात चुकीच्या वाटा बऱ्याच आहेत. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी अशा मृत्यूंचा संबंध छातीतल्या मोठ्या थायमस ग्रंथीशी जोडला. खरे तर दीर्घ आजाराने ही ग्रंथी आक्रसते आणि शवविच्छेदनाला येणारी बहुतेक बाळे आजारीच असत. त्यामुळे निरोगी बाळाची ग्रंथी डॉक्टरांना अवाढव्य वाटली. पुढे कित्येक दशके ती आक्रसावी म्हणून बाळांच्या थायमसवर क्ष-किरण सोडले गेले आणि त्यांतल्या काहींना मोठेपणी थायरॉइडचा कर्करोग झाला. १९७२ मध्ये झोपेत श्वास थांबण्याचा सिद्धान्त पुढे आला आणि घरोघरी श्वसनाचे मॉनिटर लागले. ज्या शोधनिबंधावर तो उभा होता, त्यातल्या दोन भावंडांच्या खुनाबद्दल त्यांची आई १९९५ मध्ये दोषी ठरली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,०७९ बाळांच्या अमेरिकी अभ्यासात निरोगी बाळांचाही श्वास अधूनमधून थांबत असल्याचे दिसले. मॉनिटरमुळे सिड्स टळतो, याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

सर्वांत मोठे यश मिळाले ते बाळाला उताणे झोपवण्यातून. श्वसनाचा त्रास असलेल्या मुदतपूर्व बाळांना पालथे ठेवले, की त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन वाढतो, हा अतिदक्षता कक्षातला अनुभव होता. उताण्या बाळाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल, ही भीती जोडीला होतीच. (ती निराधार होती : उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते.) त्यामुळे निरोगी बाळांनाही पालथे झोपवण्याचा सल्ला पाश्चात्त्य देशांत दिला जाऊ लागला. नेदरलँड्समध्ये १९८७ पासून, ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून याच्या उलट मोहिमा निघाल्या. अमेरिकेतील सिड्सचे प्रमाण १९९० मध्ये लाख जन्मांमागे सुमारे १३० होते, ते २०२० मध्ये सुमारे ३८ वर आले. मात्र यातली काही घट केवळ नावातली आहे, कारण पूर्वी सिड्स म्हणून नोंदले गेलेले काही मृत्यू आता ‘अंथरुणात गुदमरणे’ किंवा ‘कारण अज्ञात’ या सदरांत जातात. २००५ च्या एका आढाव्यानुसार पालथे झोपवण्याच्या धोक्याचा पुरावा १९७० पर्यंतच जमा झालेला होता. तो वेळीच एकत्र मांडला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक बाळे वाचली असती.

धूम्रपान, मऊ गाद्या-उशा, अति ऊब आणि सोफ्यावर बाळाला जवळ घेऊन झोपणे यांमुळेही धोका वाढतो. स्तनपानाने तो घटतो. १९९४ मध्ये फिलिआनो व किनी या संशोधकांनी मांडलेल्या ‘तिहेरी धोका’ प्रतिमानानुसार मुळातच नाजूक बाळ, वाढीचा कसोटीचा काळ आणि बाहेरचा ताण एकत्र आले की मृत्यू ओढवतो. हॅना किनी यांच्या गटाला अनेक मृत बाळांच्या मस्तिष्कस्तंभात (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात) सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या यंत्रणेचे दोष आढळले. ही यंत्रणा श्वसन आणि झोपेतून जागे होणे यांवर नियंत्रण ठेवते. नाकाशी कार्बन डायऑक्साइड साचला की निरोगी बाळ चुळबुळ करून मान वळवते. या बाळांना बहुधा ते साधत नाही. २०२२ मध्ये रक्तातल्या एका विकराचा (एन्झाइमचा) शोध ‘सिड्सचे कारण सापडले’ अशा मथळ्यांनी गाजला. अभ्यासातली बाळे मोजकीच होती आणि मथळा त्या पुराव्याला पेलणारा नव्हता.

अतिदक्षता उपचारांना इथे फार थोडा वाव मिळतो, कारण बाळ सापडते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. श्वास व नाडी नसल्यास लगेच सीपीआर (छाती दाबून व तोंडाने श्वास देऊन हृदय-श्वसन चालू ठेवण्याचा उपचार) सुरू करतात : एकटी व्यक्ती असल्यास ३० दाबांमागे २ श्वास, दोन प्रशिक्षित व्यक्ती असल्यास १५ मागे २, आणि छाती सुमारे ४ सेंटिमीटर दाबायची. शीर सापडत नसेल तर नडगीच्या हाडात सुई घालून ॲड्रेनालिन हे हृदयाला चालना देणारे औषध देतात. हृदय पुन्हा सुरू झाले तरी प्राणवायूअभावी मेंदूला झालेली इजा उरतेच. ही इजा कमी करण्यासाठी शरीर ३३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवण्याची चाचणी रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या मुलांवर झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका वर्षानंतर चांगल्या स्थितीत जगलेली मुले २० टक्के होती, तर तापमान सामान्य राखलेल्या गटात १२ टक्के. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरला नाही.

मुदतपूर्व बाळांना सिड्सचा धोका अधिक असतो, आणि श्वसनाचा त्रास असेपर्यंत अतिदक्षता कक्षात त्यांना मॉनिटर लावून आजही पालथे ठेवतात. प्रकृती स्थिर होताच, आईच्या शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेल्या ३२ आठवड्यांच्या वयापर्यंत, त्यांना उताणे झोपण्याची सवय लावावी अशी अमेरिकन बालरोग अकादमीची शिफारस आहे; कारण परिचारिकांनी बाळाला जसे झोपवलेले पाहिले, तसेच आईवडील घरी झोपवतात.