चराईसाठी सामूहिक वनहक्क दावा: खान्देशातल्या गावांनी अर्ज कसा करायचा

अक्कलकुवा-धडगावपासून साक्री, शिरपूर, चोपडा, यावलपर्यंत सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या कुशीतली गुरं पिढ्यान्‌पिढ्या जंगलातच चरत आली आहेत. या वहिवाटीला कायद्याचा कागद मिळतो तो वनहक्क कायदा २००६ खाली. त्याची वाट समजून घ्या. आणि एक गोष्ट आधीच सांगते: नुसता चरण्याचा हक्क मागून थांबू नका, कुरण राखण्याचा हक्कही सोबतच मागा.

दोन्हींचे अर्ज वेगळे आहेत. चराई, पाणी, गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तू) यांसाठी फॉर्म बी. गावाच्या परंपरागत हद्दीतलं जंगल राखणं, वाढवणं, त्याचं व्यवस्थापन करणं यासाठी फॉर्म सी. फक्त बी भरला तर गुरं चरतील, पण कोणता भाग कधी बंद ठेवायचा हे ठरवण्याचा गावाचा अधिकार पक्का होणार नाही. दोन्ही फॉर्म मोफत मिळतात, ते उपलब्ध करून देणं हे प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीचं कामच आहे.

त्याआधी तलाठी कार्यालयात जमीन कुठल्या सदरात आहे ते पाहा. सातबाऱ्यावर गायरान असेल तर ती महसुलाची बाब झाली, तिथे हा अर्ज चालत नाही. राखीव, संरक्षित किंवा अवर्गीकृत वनजमीन असेल तर चालतो.

पात्रता अशी: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून तिथे राहणारे आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून असलेले अनुसूचित जमातीचे लोक. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. तुमचा शेतकरी गट, बचत गट किंवा उत्पादक कंपनी पुढाकार जरूर घेऊ शकते, पण दावा ग्रामसभेच्या वतीनेच होतो. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या गावांत, पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा असू शकते, तिचा फायदा घ्या.

ग्रामसभा वनहक्क समिती निवडते: १० ते १५ सदस्य, त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. सभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश महिला. गणसंख्या भरली नाही तर ठरावाला अर्थ राहत नाही, म्हणून हजेरीच्या सह्या-अंगठे त्याच दिवशी घ्या.

आता पुरावे. वनहक्क नियमांतल्या नियम १३ प्रमाणे दोन पुरावे पुरतात, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट कोणत्याही समितीला धरता येत नाही. चराईसाठी गावाकडे पुरावे असतातच, फक्त ते लिहून काढलेले नसतात. गुरांचे पाणवठे, बसायच्या जागा, देवस्थानं, डोंगऱ्या देवाची जागा, जुन्या विहिरी, चारा आणि कंद गोळा करायची ठिकाणं, वनखात्याच्या चराईच्या जुन्या पावत्या असतील तर त्या, जनगणना, १८८० चं खान्देश गॅझेटियर, सगळं चालतं. वयस्क माणसाचा जबाबही चालतो, मात्र तो दावेदार नसावा आणि जबाब लेखी हवा. ज्या बाईने आयुष्यभर गुरं वळली तिला विचारा. कोणत्या नाल्यात चैत्रातही पाणी असतं, कुठल्या उतारावर अंजनाचा पाला मिळतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

नकाशा जमिनीवर चालून करा. ओळखता येतील अशा खुणा, म्हणजे नाला, टेकडी, मोठं झाड, कागदावर उतरवा. वन आणि महसुलाचे नकाशे तसंच मतदार यादी उपविभागीय समितीकडून मागता येते. पाहणीची तारीख वनखात्याला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. कर्मचारी आले तर पदनाम, तारीख आणि अभिप्रायासह त्यांची सही घ्या.

सगळ्यात जपून करायचं काम शेजाऱ्यांशी बोलण्याचं. एकच जंगल दोन गावं वापरत असतील तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष लेखी द्यायचा, तिथे मिटलं नाही तरच उपविभागीय समितीकडे जायचं. साक्री भागातले ठेलारी मेंढपाळ, किंवा मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर तुमच्या शिवारातून जात असतील, तर त्यांचाही हंगामी चराईचा हक्क कायद्यात आहे. त्यांच्या दाव्याची पडताळणी ते किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतानाच करायची, असं नियमच सांगतो. त्यांना वगळून काढलेला नकाशा पुढे भांडणाचं मूळ ठरतो.

ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ग्रामसभेच्या किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत दाद मागता येते. ठराव अपुरा वाटला तर दावा फेटाळण्याऐवजी फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा, असं नियमांत आहे. नाकारलं तर कारण लेखी मागा. अडलं तर नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल इथल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करा.

हक्कपत्र मिळालं की ग्रामसभेने संवर्धनासाठी समिती नेमायची आणि तिने व्यवस्थापन आराखडा करायचा. त्यात चराईचं वेळापत्रक असायलाच हवं. पहिल्या पावसानंतर कोवळे कोंब फुटताच गुरं सोडली तर मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची गवतं बी धरण्याआधीच संपतात, आणि उरतं ते टोचणारं कुसळी गवत. म्हणून कुरणाचे भाग पाडा. एक भाग बी पडेपर्यंत पूर्ण बंद ठेवा, तिथलं गवत नंतर कापून न्या आणि पुढच्या वर्षी बंद ठेवायचा भाग बदला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचे नियम स्वतःच ठरवून जंगल उभं केलं. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

हक्कपत्र हातात आल्यावर ते महसूल आणि वन अभिलेखात नोंदवलं गेलं का, हेही पाहा. ही नोंद जास्तीत जास्त तीन महिन्यांत व्हायला हवी. झाली नसेल तर ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडून प्रांत कार्यालयात अर्ज द्या.