पोस्टमनने पाठवलेली अळंबी

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये अ‍ॅम्बलसाइड नावाचं गाव आहे. तिथल्या आर्मिट या छोट्या संग्रहालयात बीट्रिक्स पॉटरची सुमारे 450 चित्रं जपून ठेवली आहेत. निळा कोट घातलेल्या पीटर रॅबिट या सशाच्या बालकथांमुळे जगाला माहीत झाली, तीच ही बीट्रिक्स. इथे मात्र सशाचा पत्ता नाही. जिकडेतिकडे भूछत्रं!

फुलझाडाची फांदी कागदात दाबून वाळवली की शंभर वर्षांनीही ओळखता येते. अळंबी वाळली की आक्रसते, रंग उडतो, आकार जातो. रंगीत फोटोची सोय नव्हती, तेव्हा ती ताजी आहे तोवर जे दिसतं ते रंगांत उतरवून घ्यायचं, एवढंच हातात होतं.

पण चित्र देखणं असून भागत नाही. 1892 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंकेल्डला बीट्रिक्सची चार्ल्स मॅकिंटॉशशी गाठ पडली. हा पेशाने पोस्टमन. टपाल वाटत रोज मैलोन्‌मैल चालता चालता रानातल्या बुरशींचा जाणकार झालेला. पुढे तो तिला लंडनला ताजी अळंबी पाठवू लागला, तीही टपालानेच, आणि ती त्याला चित्रं. त्याने सुचवलं: छेद काढ, कल्ले नीट दाखव. छत्रीच्या पोटाशी वहीच्या पानांसारख्या पातळ पट्ट्या असतात, ते कल्ले. ते देठाला चिकटलेत, देठाच्या अलीकडेच थांबलेत की देठावरून खाली उतरलेत, हे जात ओळखताना फार कामी येतं. वरून जुळी वाटणारी दोन भूछत्रं इथे वेगळी निघतात. म्हणून तिच्या चित्रांत अख्ख्या अळंबीशेजारी उभी चिरलेली अळंबीही दिसते. माझ्या मते तिची खरी कमाल त्या चिरलेल्या अर्ध्या भागात आहे.

मग ती सूक्ष्मदर्शकाकडे वळली. बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, 600 पट मोठे करून काढले, ते रुजवून पाहिले आणि त्यावर निबंध लिहिला. 1 एप्रिल 1897 रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत मांडला गेला. मांडला क्यू या वनस्पतिउद्यानातल्या जॉर्ज मॅसींनी, कारण बायकांना त्या सभेत बसायचीच मुभा नव्हती. आणखी काम करायचं म्हणून तिने तो परत घेतला. पुढे तो छापला गेला नाही आणि आज त्याची प्रतही सापडत नाही.

1943 मध्ये ती गेली. 1967 मध्ये ब्रिटनमधल्या भूछत्रांची ओळख करून देणारं एक पुस्तक निघालं. त्यात तिची 59 चित्रं छापली आहेत.