गरमीवर इंजेक्शन 'फेल' गेलं तर? आधी मागची गोष्ट

कोल्हापुरात अजून कुणी सिफिलिस (शरीरसंबंधातून लागणारा रोग) म्हणत नाही, गरमी म्हणतात, तेही आवाज खाली घेऊन. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात याला फिरंग रोग म्हटलंय, म्हणजे फिरंग्यांनी आणलेला, आणि औषध काय तर पारा नि चोपचिनी नावाची मुळी. युरोपातपण पाराच, लाळ गळेपर्यंत द्यायचे, दात हलायचे, रोग परवडला पण औषध नको अशी गत. १९१० ला एर्लिख नि हाता या संशोधकांचं ६०६ नंबरचं औषध, साल्व्हर्सान, बाजारात आलं, त्यात आर्सेनिक. मग १९४३ ला अमेरिकेत महोनी या डॉक्टरनं चार पेशंटना पेनिसिलिन दिलं आणि आधीचं सगळं हळूहळू अडगळीत गेलं.

आजपण सुरुवातीच्या गरमीला बेंझाथिन पेनिसिलिनच, २४ लाख युनिट, एकदाच, दोन्ही कुल्ल्यांत निम्मं निम्मं. पावडर पाण्यात कालवली की दाट दुधासारखी होते, सुई बारीक घेतली की अडकलीच, आणि टोचताना असं दुखतंय की तालमीतला गडीसुद्धा टेबल घट्ट धरतो.

आता 'फेल'चं. हा जंतू पेनिसिलिनला जुमानत नाही असं एवढ्या वर्षांत पक्कं कुठं सापडलेलं नाही. मग इंजेक्शननंतरही रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा का उतरत नाही? बऱ्याचदा जोडीदाराला औषधच दिलेलं नसतं आणि परत लागण होते (हे घरात सांगायचं कोण, खरी अडचण तीच), नाहीतर व्हीडीआरएल (गरमीची रक्ततपासणी) १:३२ वरून १:८ वर, म्हणजे चौथाईवर, यायला वर्षसुद्धा लागतं. तरीही उतरलं नाही तर एचआयव्ही टेस्ट, गरज वाटली तर पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासणी, आणि मग तेच इंजेक्शन आठवड्याला एक असं तीनदा. पेनिसिलिनला पर्याय परत पेनिसिलिनच, पेशंट चक्रावतोच.

दुसरी औषधं मुख्यतः ॲलर्जीवाल्यांसाठी. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा १४ दिवस, नाहीतर सेफ्ट्रिॲक्सोन रोज १ ग्रॅम १० दिवस. अझिथ्रोमायसिन २ ग्रॅम एकदा घेतलं की काम झालं म्हणून सगळे खूश होते, पण २००२-०३ ला सॅन फ्रान्सिस्कोत ते खरोखरच फेल गेलं, जंतूनं जनुकात एक बारीक बदल करून घेतला होता, तेव्हापासून त्यावर भरवसा नाही. गरोदर बाईला डॉक्सी चालत नाही, म्हणून ॲलर्जी असली तरी ॲडमिट करून अगदी थोड्या थोड्या डोसनं अंगाला सवय लावतात आणि पेनिसिलिनच देतात.