ब्रिटनमध्ये वायरलेस ऑप्टिकलवर पीएचडी : ॲटसची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

नांदेड, परभणी, लातूरकडून ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) करून ब्रिटनला पीएचडीसाठी निघालेल्यांनी ऑफर लेटरच्या अटींमध्ये आधी एक शब्द शोधावा : ॲटस. पूर्ण नाव ॲकॅडमिक टेक्नॉलॉजी अप्रूव्हल स्कीम. काही तांत्रिक विषयांत संशोधन करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना ब्रिटिश सरकारकडून ही मंजुरी घ्यावीच लागते. ती नसेल तर व्हिसा मिळत नाही. आपल्याकडे सगळा जोर आयईएलटीएस आणि बँकेच्या कागदांवर असतो आणि हे प्रमाणपत्र शेवटी आठवतं. उशीर बहुतेक वेळा इथेच होतो.

ही योजना २००७ पासून आहे. ब्रिटनमध्ये मिळालेल्या ज्ञानाचा उपयोग शस्त्रनिर्मितीत होऊ नये, हा तिचा हेतू. २०२० मध्ये तिची व्याप्ती प्रगत पारंपरिक लष्करी तंत्रज्ञानापर्यंत वाढली. वायरलेस ऑप्टिकल म्हणजे तारेशिवाय, प्रकाशाने डेटा पाठवणं. त्यातलं मोकळ्या हवेतून लेझरने डेटा पाठवण्याचं तंत्र उपग्रहांनाही लागतं आणि सैन्यालाही. त्यामुळे विषयाची विचारपूस होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कोणाला लागतं? भारतीय नागरिकांना सूट नाही. इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करणाऱ्यांनी ते लागणार असं धरूनच चालावं. संशोधनाऐवजी वर्गातल्या शिकवण्यावर चालणाऱ्या एमएस्सीसाठी विषयांची यादी लहान आहे, तिथे ऑफर लेटर सांगेल तसं. विद्यापीठ तुमच्या विषयाचा सीएएच-३ कोड, म्हणजे विषय ओळखण्याचा ठरलेला क्रमांक, देतं. तो अंदाजाने भरू नका, त्यांच्याकडूनच घ्या.

संशोधनाचा परिच्छेद. अर्जाचा जीव यात आहे. ‘मी लाय-फायवर काम करणार आहे’ एवढ्याने भागत नाही. लाय-फायमध्ये खोलीतल्या दिव्यातून किंवा इन्फ्रारेडमधून डेटा जातो, त्याचं ८०२.११बीबी हे मानक २०२३ मध्ये आलं. दोन इमारतींमधला लेझर दुवा ही वेगळी गोष्ट, तिथे धुकं आणि तापलेल्या हवेची थरथर सिग्नल बिघडवतात. पाण्याखाली निळा-हिरवा प्रकाश वापरतात, तो तिसराच प्रश्न. यातलं तुमचं नेमकं काय, ते लिहा. उदाहरणार्थ : ‘दोन इमारतींमध्ये सुमारे ५०० मीटरवर १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर वापरून धुक्यात सिग्नल किती कमजोर होतो ते मोजणं आणि त्यासाठी त्रुटी-दुरुस्तीची पद्धत तयार करणं.’ प्रकाशाचा स्रोत, अंतर, काम संगणकावरच्या सिम्युलेशनचं की प्रयोगशाळेतलं, निष्कर्ष कुठे वापरायचे, हे सगळं त्यात यावं. हा मजकूर गाइडकडून तपासून घ्या, शक्य असेल तर त्यांनाच लिहून मागा. इंटरनेटवरचा नमुना उचलून चिकटवला तर तपासणाऱ्याला तुमच्या कामाचं काहीच कळणार नाही.

जवळ काय ठेवायचं? पासपोर्ट, ऑफर लेटर, पदवीपासूनचं सगळं शिक्षण, नोकरी केली असेल तर तिचा तपशील, प्रसिद्ध झालेले पेपर, खर्च कोण करणार याची माहिती आणि दोन संदर्भ देणाऱ्यांचे पत्ते व ईमेल. राष्ट्रीय ओव्हरसीज किंवा राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळाली असेल तर पैसे देणाऱ्याच्या जागी तसं लिहायचं. कॉलेजच्या सरांचा अधिकृत ईमेल घ्या आणि त्यांना आधी कल्पना द्या.

मराठवाड्यातल्या मुलांनी दोन जागी डोळ्यांत तेल घालून बघावं. पहिली जागा विद्यापीठाच्या नावाची. आपल्या भागातल्या काही कॉलेजांत जुन्या बॅचची पदवी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची, तर नव्या बॅचची लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची. नावं जवळजवळ सारखी, संस्था वेगळ्या. पदवी प्रमाणपत्रावर असेल तेच पूर्ण नाव लिहा, ‘बामू’ नको. दुसरी जागा गावाच्या आणि स्वतःच्या नावाची. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं २०२३ मध्ये बदलली, पण तुमच्या पासपोर्टवर जुनं नाव असेल तर अर्जात जन्मस्थळ तेच राहू द्या. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव असं सलग येतं आणि पासपोर्टवर आडनाव व नाव वेगवेगळ्या रकान्यांत असतात. अर्जात पासपोर्टप्रमाणेच भरा. स्पेलिंगच वेगळं असेल, एकीकडे ‘Shinde’ आणि दुसरीकडे ‘Shindey’सारखं, तर ते पासपोर्ट काढतानाच दुरुस्त करून घेतलेलं बरं.

अर्ज आणि वेळ. अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. फी नाही. कुणी एजंट ‘ॲटसची फी’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. निकालाला साधारण ३० कामकाजाचे दिवस, म्हणजे सहा आठवडे लागतात. एप्रिल ते सप्टेंबर गर्दीचा काळ असतो, तेव्हा आणखी वेळ लागू शकतो. सप्टेंबरला जायचं असेल तर ऑफर आल्या आल्या अर्ज टाका, बारावीच्या निकालाच्या गडबडीपर्यंत थांबू नका. प्रमाणपत्र ईमेलने येतं. त्याची प्रत विद्यापीठाला पाठवा आणि व्हिसाच्या अर्जालाही जोडा. प्रमाणपत्र मिळाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज व्हायला हवा.

वाट पाहताना क्षयरोगाची तपासणी उरकून घ्यावी. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या भारतीयांना ती मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते, गावातल्या डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत. त्या प्रमाणपत्राचीही मुदत सहा महिनेच, म्हणून फार लवकरही करू नका.

मंजुरी त्या विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमापुरती आणि त्याच संशोधनापुरती असते. तिथे गेल्यावर विषय मोठ्या प्रमाणात बदलला किंवा दुसऱ्या विद्यापीठात जायचं ठरलं, तर नवा अर्ज करावा लागतो.