अक्षरओळख, घरातील

शाळेत जाण्यापूर्वी किंवा त्या सुमारास घरीच, खेळता खेळता मुलाला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालून देण्याची पद्धत. ताटात रवा पसरून बोटाने ‘ग’ काढणे, पाटीवरच्या अक्षरावर चिंचोके मांडणे, भेंड्या लावणे हे तिचे परिचित प्रकार होत.

पूर्वी धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे काढत. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्यावरून आला. शिक्षणाच्या आरंभासाठी वापरला जाणारा ‘ओनामा’ हा शब्द म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचे बोलीरूप. हे वचन मूळचे जैन, शैव की कातंत्र या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या ‘सिद्धो वर्णसमाम्नायः’ या सूत्राशी निगडित, याविषयी मतभेद आहेत. सातव्या शतकाच्या अखेरीस चिनी प्रवासी इत्सिंग याने सहाव्या वर्षी सुरू होऊन सहा महिन्यांत पुरा होणाऱ्या ‘सिद्धम्’ नावाच्या वर्णपाठाची नोंद केली आहे. ती पाहता वचनाचा संबंध पंथापेक्षा वर्णपाठाशी अधिक निकटचा असावा. दुसरा चिनी प्रवासी ह्युएनत्संग याने मुलांच्या प्रारंभिक शिक्षणासंदर्भात उल्लेखिलेली ‘बारा प्रकरणे’ म्हणजे बाराखडीच, असेही काही अभ्यासक मानतात. ‘बाराखडी’ शब्दाचा लेखनाच्या खडूशी जोडला जाणारा संबंध मात्र ग्राह्य वाटत नाही. ‘बारा अक्षरी’ हीच व्युत्पत्ती सयुक्तिक होय. 2009 च्या शासननिर्णयाने ॲ, ऑ हे स्वर वर्णमालेत घेतल्यापासून ‘चौदाखडी’ असेही म्हणतात.

मराठी वाचनाचा घटक सुटा ध्वनी नसून अक्षर असते. मूल ‘ब-द-क’ असे सुटे वाचते, तेव्हा त्याला ‘बदक’ लगेच ऐकू येत नाही, कारण बोलताना शेवटचा अ गळतो. ‘कि’मधील वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, उच्चारात नंतर येते. ‘चंद्र’ आणि ‘चमचा’ यांतले च वेगळे, पण चिन्ह एकच. हे घोकंपट्टीने उमगत नाही. मोठ्या माणसाने शेजारी बसून शब्द सावकाश, पुन्हा पुन्हा म्हणावा लागतो.

शब्दांच्या भेंड्यांत ‘कमळ’वर खेळ अडतो, कारण ळ आणि ण यांनी सुरू होणारे रूढ शब्द मराठीत नाहीत. म्हणूनच तक्त्यांवर ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ असतो. बहुतेक घरांत अशा वेळी ‘ल’ चालवून घेतात.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी पुरस्कारलेली खरखरीत अक्षरे बोटाने गिरवण्याची रीत भारतीय बालशिक्षणात आणण्यात बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली.